व्हॉइस लॅब घरी उभारताना पैसे कुठे घालावेत

ऑफिसातली टेलिफोन व्यवस्था आयपी जाळ्यावरून कशी चालते हे शिकायला घरी जी यंत्रं मांडतात, ती व्हॉइस लॅब. माझा पहिला व्हॉइस राउटर सेकंडहँड होता. नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्को कंपनीचा २८११. खोक्यावर मार्करने ‘व्हॉइस’ असं लिहिलेलं होतं आणि मी तेवढ्यावर विश्वास ठेवला. घरी आणला, लॅनच्या वायरीवर चालणारे दोन आयपी फोन जोडले, एकावरून दुसऱ्याला कॉल लागला. दोन दिवस मी खूश होतो. तिसऱ्या दिवशी साधा घरगुती टेलिफोन लावायचं कार्ड त्यात बसवलं, तर राउटरला त्या पोर्टचा पत्ताच नाही. कार्ड काढलं, पुसलं, पुन्हा बसवलं. शेवटी स्क्रू काढून झाकण उघडलं. मदरबोर्डवर छोट्या पट्ट्या बसवायच्या दोन जागा होत्या आणि दोन्ही रिकाम्या होत्या. त्या पट्ट्यांना पीव्हीडीएम म्हणतात, आणि त्यांच्याशिवाय तो राउटर व्हॉइसच्या कामाचा अर्धाही नव्हता.

ही चूक मी एकट्याने केलेली नाही. सिस्कोची व्हॉइसची परीक्षा द्यायची ठरवणारे बरेच जण आधी मॉडेल नंबर शोधतात आणि मग ते मॉडेल स्वस्तात कुठे मिळेल ते पाहतात. मला वाटतं, आधी एक कॉल इकडून तिकडे जातो म्हणजे नेमकं काय होतं ते समजून घ्यावं. तेवढं कळलं की काय विकत घ्यायचं आणि काय नाही हे बरंचसं आपोआप ठरतं.

आपण बोलतो तेव्हा आवाजाची लहर तयार होते. जी.७११ या कोडेकमध्ये, म्हणजे आवाजाचे आकडे करण्याच्या पद्धतीत, त्या लहरीची दर सेकंदाला ८,००० मापं घेतली जातात आणि प्रत्येक माप ८ बिटांत लिहिलं जातं. म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. यातले २० मिलिसेकंदांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा एका पॅकेटमध्ये घालतात. सेकंदाला ५० पॅकेट, प्रत्येकात १६० बाइट आवाज आणि वर ४० बाइटांचा पत्ता-ठिकाणा. हिशेब केला तर एका दिशेला ८० किलोबिट होतात. जी.७२९ मध्ये तोच आवाज दाबून २० बाइटांत बसवतात, पत्ता मात्र ४० बाइटांचाच राहतो, म्हणून तिथे २४ किलोबिट लागतात. हा हिशेब परीक्षेतही लागतो, पण आत्ता तो सांगण्याचं कारण वेगळं आहे. हे मोजण्याचं आणि दाबण्याचं काम करतं कोण?

दोन आयपी फोन एकमेकांशी बोलतात तेव्हा ते काम फोन स्वतः करतात. त्यांच्या आत त्यासाठीची चिप असते. राउटर फक्त कोणाला कोण हवं आहे ते जुळवून देतो आणि पॅकेट पुढे सरकवतो. म्हणूनच माझ्या रिकाम्या राउटरवर पहिले दोन दिवस सगळं सुरळीत चाललं होतं. पण तांब्याच्या तारेवरून साधा फोन आला, टेलिफोन कंपनीची एकाच वेळी अनेक कॉल नेणारी पीआरआय लाइन आली, किंवा जी.७११ बोलणाऱ्याला जी.७२९ बोलणाऱ्याशी जोडायची वेळ आली, की मध्ये बसून आवाज उलगडणारं आणि पुन्हा गुंडाळणारं कोणीतरी लागतं. ते काम डीएसपी नावाची चिप करते, आणि पीव्हीडीएमच्या पट्टीवर बसलेल्या असतात त्या याच चिपा.

खरेदीची विभागणी इथेच होते. आयपी ते आयपी जे काही आहे ते सगळं संगणकाच्या पोटात शिकता येतं. डीएसपी, तांब्याची लाइन, ई१ (पीआरआय ज्यावर येते ती जोडणी) आणि वायरीतून फोनला मिळणारी वीज या गोष्टी संगणकात खोट्या बनवता येत नाहीत. पैसे त्यांच्यावर घालायचे.

जुन्या याद्या बाजूला ठेवा

घरच्या लॅबसाठी काय घ्यावं याच्या ज्या याद्या इंटरनेटवर सापडतात, त्यांतल्या बहुतेक सीसीएनए व्हॉइस या परीक्षेच्या काळातल्या आहेत. ती परीक्षा २०१५ मध्ये बंद झाली. तिच्या जागी आलेली सीसीएनए कोलॅबोरेशनही फेब्रुवारी २०२० मध्ये गेली. सीसीआयई व्हॉइसचं सीसीआयई कोलॅबोरेशन तर त्याआधीच, २०१४ मध्ये झालं. आता सिस्कोच्या वाटेने जायचं तर सीसीएनपी कोलॅबोरेशन आहे. त्याची मुख्य परीक्षा ३५०-८०१, जिला सगळे सीएलकोर म्हणतात, आणि तिच्या जोडीला आपल्या आवडीची एक विशेष परीक्षा. मुख्य परीक्षा १२० मिनिटांची असते आणि तिची फी ४०० डॉलर आहे.

हा आकडा लक्षात ठेवा, कारण मी तो खर्चाची पट्टी म्हणून वापरतो. संगणक घरात आहे असं धरून बाकीची लॅब एका परीक्षेच्या फीच्या आत बसली पाहिजे. त्यापुढे खर्च जायला लागला तर समजावं की आपण शिकण्यासाठी नाही, रॅक भरण्यासाठी घेतोय.

जुन्या याद्यांत सीयूई नावाचं व्हॉइसमेलचं कार्ड हमखास असतं. आज ते घेऊ नका. व्हॉइसमेल सिस्कोच्या युनिटी कनेक्शन या सॉफ्टवेअरवर शिकायचा, आणि तो संगणकात चालतो. यूसी५२० हा एकाच खोक्यात राउटर, पीओई (वायरीतून फोनला वीज), व्हॉइसमेल आणि एफएक्सओ (बाहेरच्या साध्या लाइनचा पोर्ट) देणारा प्रकारही त्या काळी फार लोकप्रिय होता. कमी अनुभव असलेल्याला तो अजूनही मोह घालतो. पण त्याचं सॉफ्टवेअर त्याच्यापुरतंच बांधलेलं आहे, इतर राउटरसारखं त्याला हवं तसं वळवता येत नाही. स्वस्त मिळाला तरी मी नाही म्हणेन.

राउटर

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी सिस्को २९०१ सांगतो. ही मालिका २००९ मध्ये आली. २९०१ मध्ये पीव्हीडीएम३ पट्ट्यांसाठी दोन जागा आणि कार्डांसाठी चार खाचा असतात. त्याहून जुना २८११ आणखी स्वस्त पडतो. त्यातही पट्ट्यांच्या दोन जागा आहेत, पण पट्टी पीव्हीडीएम२ लागते आणि त्याचं आयओएस, म्हणजे सिस्कोचं राउटर चालवणारं सॉफ्टवेअर, १५.१ पर्यंतच जातं. डायल-पीअर (कुठला नंबर कुठे पाठवायचा), ट्रान्सलेशन रूल (नंबर बदलण्याचे नियम), ई१ जोडणं, एसआरएसटी (मुख्य एक्स्चेंजशी संपर्क तुटला की राउटरने फोन सांभाळणं) यांचा पाया शिकायला तेवढंही पुरतं. आजच्या परीक्षेत आयओएस एक्सई हा त्याचा नवा प्रकार आहे, तेव्हा ऐपत असेल तर ४३२१ किंवा ४३३१ पाहावा. पण त्यांच्या पीव्हीडीएम४ पट्ट्या आणि कार्डं अजून महाग आहेत, आणि व्हॉइसच्या कमांड तीन पिढ्यांत बऱ्याचशा सारख्याच राहिल्या आहेत. एक्सईची सवय व्हर्च्युअल राउटरवर करता येते.

मॉडेलच्या नावावरून फसायला होतं ते १८४१ आणि १९४१ मध्ये. दोन्ही चांगले राउटर आहेत, स्वस्त आहेत, बाजारात ढिगाने आहेत. पण दोन्हींत पीव्हीडीएमची जागाच नाही. विकणारा ‘सीसीएनए लॅब’ म्हणून देईल आणि सीसीएनएसाठी ते खरंही आहे. व्हॉइससाठी ते घेऊ नयेत.

पट्टीच्या नावातला आकडा म्हणजे जी.७११ मधले ती किती कॉल एकाच वेळी हाताळेल त्याचा अंदाज. पीव्हीडीएम२-१६ मध्ये एक डीएसपी, ३२ मध्ये दोन, ६४ मध्ये चार. एक डीएसपी जी.७११ चे १६ कॉल घेतो, जी.७२९ए चे मात्र ८, कारण दाबण्याच्या कामाला जास्त मेहनत पडते. घरच्या लॅबमध्ये १६ कॉल कधीच होणार नाहीत, मग सगळ्यात लहान पट्टी का नको? कारण कॉन्फरन्सिंगला दिलेला डीएसपी दुसरं काम करत नाही. एकच डीएसपी असेल तर कॉन्फरन्स चालू केली की बाहेरच्या लाइनसाठी काही उरत नाही. म्हणून २८११ साठी पीव्हीडीएम२-३२ किंवा १६ च्या दोन पट्ट्या घ्याव्यात. आणखी एक, पीव्हीडीएम२ ची पट्टी २९०१ मध्ये तशीच बसत नाही, तिला वेगळा अडॅप्टर लागतो, आणि दोन पिढ्यांच्या पट्ट्या एकाच राउटरमध्ये मिसळता येत नाहीत. स्वस्त पट्टी दिसली म्हणून उचलण्याआधी हे आठवा.

राउटर दोन लागतात. यावर मी ठाम आहे. एका राउटरवर कॉल हाताळणं शिकता येतं, पण व्हॉइसमधली खरी मेहनत दोन ठिकाणांच्या मधे असते.

टेलिफोन कंपनी घरात कशी आणायची

साधे फोन आणि साधी लाइन यांच्यासाठी दोन प्रकारची कार्डं असतात. एफएक्सएस म्हणजे डायल टोन आणि घंटी देणारी बाजू, म्हणजे भिंतीतला फोनचा पॉइंट. एफएक्सओ म्हणजे ते घेणारी बाजू, म्हणजे स्वतः फोन. हे दोन्ही सुरुवातीला सगळ्यांचे उलटसुलट होतात. मी एवढंच लक्षात ठेवतो की एफएक्सएसला फोन लावायचा आणि एफएक्सओला लाइन. एका राउटरच्या एफएक्सएसमधून साधी टेलिफोन वायर दुसऱ्या राउटरच्या एफएक्सओला जोडली, की पहिला राउटर दुसऱ्यासाठी टेलिफोन एक्स्चेंज झाला. घेताना कार्ड आपल्या राउटरच्या पिढीला चालतं का ते पाहावं. २८०० मालिकेतली जुनी कार्डं २९०० मध्ये सगळीच चालत नाहीत.

पण ज्या कार्डावर खर्च करताना मी हात आखडता घेत नाही ते ई१ चं. भारतात कंपन्यांना मिळणारी पीआरआय लाइन ई१ वर येते. २.०४८ मेगाबिट, ३० बोलण्याचे चॅनेल, आणि सोळाव्या टाइमस्लॉटमध्ये सिग्नलिंग. अमेरिकेत त्या जागी टी१ असतं, १.५४४ मेगाबिट आणि २३ चॅनेल. अमेरिकेतून उतरलेला माल स्वस्त असतो आणि त्यात फक्त टी१ चालणारी जुनी कार्डं पुष्कळ असतात. परीक्षेपुरतं टी१ वर भागेल, पण इथे नोकरी करायची तर हाताला ई१ ची सवय हवी. व्हीविक२ या मालिकेतलं कार्ड दोन्ही चालवतं, तेच घ्या. कार्ड बसवल्यावर ते ई१ म्हणून वापरायचं आहे हे राउटरला आधी ‘कार्ड टाइप’ कमांडने सांगावं लागतं, नाहीतर ते कुठे दिसतच नाही, आणि माणूस उगाच कार्ड खराब आहे असं समजतो.

आता दोन राउटरमध्ये ई१ जोडायला केबल कुठली? ही विकत घेऊ नका. लॅनची एक जुनी वायर घ्या आणि दोन्ही टोकांना नवे जॅक दाबा. ई१ मध्ये १ आणि २ या पिनांवर ऐकायचं असतं, ४ आणि ५ वर बोलायचं असतं. म्हणून एका टोकाची १ दुसऱ्या टोकाच्या ४ ला, २ ही ५ ला, ४ ही १ ला, ५ ही २ ला. बाकीच्या पिना रिकाम्या. लॅनची क्रॉसओव्हर केबल इथे चालत नाही, तिच्यात १ आणि ३, २ आणि ६ यांची अदलाबदल असते. मग एका राउटरला सांगायचं की तू टेलिफोन कंपनी आहेस, त्याला नेटवर्कची बाजू द्यायची आणि घड्याळ त्याचं ठेवायचं. दुसऱ्याने ते घड्याळ लाइनवरून घ्यायचं. दोघांनी आपापलं घड्याळ चालवलं तर लाइन उभी राहिल्यासारखी दिसते आणि मध्येच अडखळते. ते सापडायला मला एक आख्खा रविवार लागला होता. डीएसपी कमी असतील तर तीसही चॅनेल बांधायची गरज नाही. पाच चॅनेल आणि सोळावा एवढा गट पुरतो.

या जोडणीचा खरा उपयोग नंबरांच्या रचनेत कळतो. परीक्षेच्या पुस्तकांत सगळे नंबर अमेरिकेचे असतात. ते शिकाच, पण लॅबमध्ये आपले एसटीडी कोड वापरा. एक राउटर पुण्याचं ऑफिस, २०००च्या घरातले एक्स्टेन्शन. दुसरा नाशिकचं, ३०००च्या घरातले. पुण्याचा कोड ०२० आणि पुढे आठ आकडे, नाशिकचा ०२५३ आणि पुढे सात. पुढचं शून्य सोडलं तर दोन्ही दहाच आकडी, पण तोडायचं कुठे ते वेगळं. मोबाइल ६ ते ९ ने सुरू होणारे दहा आकडे. आणि ११२ कुठल्याही फोनवरून, आधी काही न दाबता लागलाच पाहिजे. ही रचना स्वतः बांधली की नंबर बदलणारे ट्रान्सलेशन पॅटर्न आणि कॉलची वाट ठरवणारे रूट पॅटर्न पाठ करावे लागत नाहीत.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. पुस्तकांत टेल-एंड हॉप-ऑफ नावाची युक्ती शिकवतात. पुण्याहून नाशिकपर्यंत कॉल कंपनीच्या आयपी जाळ्यातून न्यायचा आणि नाशिकला स्थानिक लाइनवर सोडायचा, म्हणजे एसटीडीचे पैसे वाचतात. भारतात खासगी आयपी जाळं आणि सार्वजनिक टेलिफोन जाळं असं मिसळण्यावर दूरसंचार नियमांचे कडक निर्बंध राहिले आहेत. सिस्कोने सीयूसीएम या आपल्या एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरमध्ये, ७.१ आवृत्तीत, लॉजिकल पार्टिशनिंग नावाची सोय आणली, ती आपल्यासारख्या देशांतले नियम डोळ्यांसमोर ठेवूनच. कोणता कॉल कोणत्या भौगोलिक ठिकाणच्या लाइनवर जाऊ द्यायचा नाही ते तिथे ठरवता येतं. इथल्या इंजिनिअरला ही सोय नीट यायला हवी. आणि घरच्या लॅबला घरची खरी टेलिफोन लाइन जोडून प्रयोग करू नका. दुसरा राउटर टेलिफोन कंपनी बनतोच आहे, खऱ्या लाइनची गरज नाही.

फोनला वीज

स्विच आणि फोन एकत्रच निवडावे लागतात, कारण फोनला वीज लॅनच्या वायरीतून जाते. या पीओईचं ८०२.३एएफ हे प्रमाण २००३ मध्ये आलं. एका पोर्टला १५.४ वॅट. पण सिस्कोने त्याआधीच स्वतःची पद्धत काढली होती, आणि ७९४० आणि ७९६० हे अतिशय देखणे, अतिशय स्वस्त फोन फक्त तीच जुनी पद्धत ओळखतात. प्रमाणित पीओई स्विचला ते लावले तर अंधार. उलट ३५५० चा पीओई स्विच फक्त जुनी पद्धत देतो, त्याला नवे फोन लावले तरी अंधारच. ३५६० दोन्ही देतो. म्हणून स्विच घ्यायचा तर ३५६०, आणि फोन घ्यायचे तर निदान ७९४१, ७९४२, ७९६१, ७९६२ यांतले, जे प्रमाणित वीज घेतात.

३५६० मध्येही माझी पसंती आठ पोर्टच्या ३५६०-८पीसी ला. आठही पोर्टना पुरेल एवढी, सुमारे १२४ वॅट वीज तो देतो, आणि त्यात पंखा नाही. चोवीस पोर्टचा स्विच किमतीला जवळजवळ तेवढाच पडतो आणि माणसाला तोच बरा वाटतो, पण त्याचा आवाज दोन खोल्यांच्या घरात रात्री किती होतो ते घरच्यांना विचारा.

आता आपल्याकडचा एक स्वस्त मार्ग. सीसीटीव्हीवाल्यांकडे कॅमेऱ्यांसाठी आठ पोर्टचे पीओई स्विच मिळतात. खोक्यावर ८०२.३एएफ लिहिलं असेल तर ते ७९४२ सारखा फोन व्यवस्थित चालू करतात. पण ‘पॅसिव्ह पीओई’ वेगळी गोष्ट आहे. तो काही न विचारता वायरीत वीज सोडतो, तिथे फोन लावू नका. आणि साध्या सीसीटीव्ही स्विचवर व्हॉइस व्हीलॅन, म्हणजे त्याच जाळ्यात फोनसाठी आखलेला वेगळा भाग, शिकता येत नाही. फोनच्या मागे संगणक लावायचा, एकाच वायरीवरून दोघांची वाहतूक वेगवेगळ्या व्हीलॅनमध्ये जाते, फोन आल्याबरोबर स्विच त्याला त्याचा व्हीलॅन सांगतो, हे सगळं मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणाऱ्या, स्विचवरच दिसतं. अडचणीच्या वेळी सीसीटीव्ही स्विच चालेल, कायमचा नको.

फोन निदान दोन खरे हवेत, पुण्यात एक आणि नाशकात एक. बाकीचे संगणकावरचे सॉफ्टफोन. सिस्कोचा जॅबर मिळत असेल तर तो, नाहीतर लिनफोन किंवा मायक्रोएसआयपी हे मोफत आहेत. ७८४१ किंवा ८८४१ हे नवे फोन फक्त एसआयपी (कॉल जुळवण्याची प्रमाणित भाषा) बोलतात आणि आजच्या परीक्षेला जवळचे आहेत, चांगल्या भावात मिळाले तर तेच घ्या. पण मागच्या लेबलवर ३पीसीसी असं असेल तर तो फोन दुसऱ्या कंपन्यांच्या एक्स्चेंजसाठी बनवलेला असतो, सीयूसीएमवर तो नोंदणी करत नाही. फोटोत हे कळत नाही, लेबलचा फोटो वेगळा मागावा लागतो.

जुना फोन आधीच्या मालकाच्या एक्स्चेंजची प्रमाणपत्रं स्वतःत साठवून ठेवतो आणि नव्याला अनोळखी समजून नकार देतो. ७९४२ सारख्यांत वायर काढून, हॅशचं बटण दाबून धरून पुन्हा वायर लावायची, दिवे लुकलुकायला लागले की १२३४५६७८९*०# दाबायचं. फोन कोरा होतो. ‘फोन खराब आहे’ म्हणून परत गेलेले कितीतरी फोन फक्त एवढ्याने चालू झाले असते.

संगणक आणि सॉफ्टवेअर

एक्स्चेंजचं काम करतो तो सीयूसीएम. २००६ च्या ५.० पासून तो लिनक्सवर चालतो आणि आता व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक) म्हणूनच बसवतात. ३२ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला कुठलाही ऑफिसातून निघालेला डेस्कटॉप दोन सीयूसीएम, एक युनिटी कनेक्शन आणि एक-दोन विंडोज मशीन सांभाळतो. रॅम १६ असेल तर दुसरा सीयूसीएम बंद ठेवून काम करावं लागेल. अशी मशीन चालवणारं व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो २०२४ पासून मोफत झालं आहे, शिकण्यासाठी ते पुरतं. विंडोजशिवाय थेट संगणकावर बसणारा व्हीएमवेअरचाच ईएसएक्सआय बसवायचा असेल तर आधी नेटवर्क कार्ड पाहा. साध्या डेस्कटॉपमधलं रिअलटेक तो ओळखत नाही, इंटेलचं वेगळं कार्ड घालावं लागतं.

सीयूसीएमचं सॉफ्टवेअर मिळवायचं कुठून हा सगळ्यात नाजूक प्रश्न. नोकरीत असाल तर कंपनीच्या करारातून रीतसर मागा, लॅबसाठी म्हणून बरेच मॅनेजर देतात. नाहीतर सिस्कोच्या डेव्हनेट सँडबॉक्समध्ये वेळ राखून ठेवून तयार सीयूसीएमवर काम करता येतं. कुठून तरी उतरवलेली फोडलेली प्रत बसवू नका. ज्या सर्टिफिकेटच्या जोरावर आपण दुसऱ्याचं एक्स्चेंज सांभाळायला जाणार, त्याची सुरुवात तिथून नको. हीच गोष्ट राउटरची. सिस्कोच्या नियमानुसार सेकंडहँड डब्याबरोबर सॉफ्टवेअरचा परवाना नव्या मालकाकडे येत नाही. म्हणून घेतानाच राउटरच्या फ्लॅश मेमरीमध्ये योग्य आयओएस आणि फोनच्या फर्मवेअरच्या फाइल आहेत का ते पाहणं महत्त्वाचं, नंतर त्या उतरवायला करार लागतो. २९०१ मध्ये व्हॉइसच्या पॅकेजचं नाव यूसीके९ आहे. ते चालू आहे का ते ‘शो लायसन्स’मध्ये दिसतं.

पैसे अजिबात नसतील तर? थांबू नका. अ‍ॅस्टेरिस्क हे १९९९ पासूनचं मोफत एक्स्चेंज जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पायवर बसतं. दोन मोबाइलवर सॉफ्टफोन टाका, जाळ्यावरची पॅकेट दाखवणारं वायरशार्क लावा आणि एक कॉल पकडा. इन्व्हाइट, ट्राइंग, रिंगिंग, ओके, मग आरटीपी म्हणजे आवाजाची पॅकेट, हा क्रम स्वतःच्या कॉलमध्ये डोळ्यांनी पाहिला की एसआयपीचं निम्मं भय जातं. सिस्कोचे मेनू वेगळे असले तरी वायरीवरून जाणारा एसआयपी तोच असतो. माझ्या मते प्रत्येकाने पहिला महिना हेच करावं आणि मगच पाकीट उघडावं.

माल हातात घेताना

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, दिल्लीत नेहरू प्लेस, बेंगळुरूला एसपी रोड. या बाजारांत आपण स्वतः गेलो तर एक फायदा असतो, पैसे देण्याआधी डबा चालू करून पाहता येतो. लॅपटॉप आणि यूएसबीची कन्सोल केबल सोबत न्या. पॉवर केबल डेस्कटॉपचीच चालते. जुन्या मालकाचा पासवर्ड असला तरी घाबरायचं कारण नाही, चालू होताना ब्रेक देऊन रजिस्टर ०x२१४२ केलं की राउटर जुनी सेटिंग न वाचता उठतो. मग ‘शो इन्व्हेंटरी’ द्या. त्यात पीव्हीडीएमची ओळ दिसली पाहिजे. ‘शो व्हॉइस डीएसपी’ दिलं की चिपा जिवंत आहेत का ते कळतं. ‘शो फ्लॅश’मध्ये फाइल. पाच मिनिटांचं काम आहे. ऑनलाइन घेत असाल तर याच कमांडच्या उत्तरांचे फोटो मागा. प्रामाणिक विक्रेता ते देतो, आणि जो टाळतो त्याच्याकडचा माल घेऊ नये.

विजेचा हिशेब सोपा आहे. १०० वॅट खाणारा डबा रोज चार तास चालवला तर महिन्याला १२ युनिट. दोन राउटर आणि एक स्विच मिळून बिल जाणवतं, पण अंगावर येत नाही. चोवीस तास चालू ठेवलं तर येतं. अर्थिंग असलेलाच बोर्ड वापरा. राउटरचे पंखे मोठे असतात, पलंगाखाली किंवा बंद कपाटात ठेवायचे नाहीत, हवा हवी.

सगळं जमलं की पहिला प्रयोग म्हणून मी हा सुचवतो. पुण्यातला सीयूसीएम, नाशिकचा ७९४२, मध्ये आयपीची जोडणी आणि बाजूला ती घरी दाबलेली ई१ ची केबल. नाशिकच्या राउटरवर एसआरएसटी लावा आणि मधली लॅनची वायर उपटा. दोन-तीन मिनिटं फोन गोंधळलेला दिसेल, मग त्याच्या पडद्यावर फॉलबॅकची ओळ येईल आणि तो शेजारच्या राउटरवर नोंदला जाईल. आता त्याच्यावरून ०२० लावून पुण्याचा नंबर फिरवा. कॉल ई१ वरून जातो, आणि दुसऱ्या खोलीतला फोन वाजतो.